गाळलेल्या अकरा रात्री

वाकीमाळच्या परीक्षण केंद्रात एक चंद्र होता. तो पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला असे आणि संध्याकाळी साडेपाचला त्या शेडला कुलूप लागे.

चंद्र म्हणजे एक आडवी पोलादी टाकी. सांगोल्यापासून अठ्ठावीस किलोमीटरवर, जिथे डाळिंबसुद्धा विचार करून लागतं अशा माळावर, सरकारने ती आणून बसवली होती. आतली हवा पंपांनी इतकी खेचून घेतलेली की उरलेल्या हवेत एका मुंगीचाही श्वास भागला नसता. टाकीच्या दुहेरी भिंतीतून द्रवरूप नायट्रोजन खेळवला की आत चंद्रावरची रात्र होई, शून्याखाली एकशे सत्तर अंश. नायट्रोजन बंद करून मोठे दिवे लावले की चंद्रावरचा दिवस, शंभराच्याही वर. रात्र चौदा दिवसांची, दिवसही चौदा दिवसांचा. सूर्य उगवण्या-मावळण्याचं हे काम त्र्यंबक हिवरेकरकडे होतं. हुद्दा, वरिष्ठ तंत्रज्ञ, श्रेणी दोन. श्रेणी एकला बहुधा ताऱ्यांचं काम असावं.

टाकीच्या मधोमध एक यंत्र होतं. धान्याच्या पिंपाएवढं, भोवती पत्र्याची पाती. त्याचं जुळं भावंड खऱ्या चंद्रावर, ‘निवारा’ नावाच्या आपल्या तळावर बसवलेलं होतं. तळावर चार माणसं राहत. चौदा दिवस ऊन असे तेव्हा सौर पाट्यांवर भागे. पण चौदा दिवसांच्या रात्रीत दिवा, ऊब आणि श्वास, तिन्ही या पिंपातून येत.

पिंपातलं गुपित साधं आहे. अणुभट्टीतून वापरून निघालेल्या इंधनात अमेरिशियम नावाचा धातू सापडतो. तो आपोआप तापत राहतो, फुंकर लागत नाही, हवा लागत नाही. असा निखारा, जो अर्धा विझायलाच चारशे वर्षं घेतो. त्याच्याभोवती दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्यांचे शेकडो जोड बसवायचे. जोडाचं एक टोक निखाऱ्यापाशी तापलेलं, दुसरं बाहेर गारठलेलं; या गरम-गारच्या ओढाताणीतून वीज वाहते. निवाऱ्याच्या पिंपात अशा जोडांच्या चार माळा होत्या. निखारा विझायची भीती नव्हतीच. भीती जोडांची. दिवसा भाजायचं, रात्री गोठायचं, असं पुन्हा पुन्हा केलं की जोडाला तडा जातो. काचेच्या पेल्यात उकळता चहा आणि बर्फाचं पाणी आळीपाळीने ओतत बसलं की जे होतं तेच.

तडा कितव्या रात्री जाईल, हे आधी कळावं म्हणून खालचं पिंप होतं. त्यात खऱ्या निखाऱ्याऐवजी विजेची शेगडी होती, कारण खरा ठेवायचा तर चौदा खात्यांच्या परवानग्या लागल्या असत्या आणि तोवर चंद्रच राहिला असता की नाही कोण जाणे. बाकी सगळं तेच. शिवाय खालचं पिंप पाच रात्रींनी थोरलं होतं. थोरल्याला गोवर आली की धाकट्याला कधी येणार हे आईला कळतं, तशी ही योजना. योजना फार हुशार होती. तिच्यात फक्त पाहुण्यांचा विचार केलेला नव्हता.

पहिली समिती केंद्र सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात आली. टाकीत तेव्हा रात्र होती. रात्री वीज जरा हेलकावे खाते आणि हेलकावा आला की फलकावर लाल दिवा लागतो. लागावा म्हणूनच तो बसवलेला असतो. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “लाल का?” संचालकांनी समजावून सांगायला घेतलं. ते समजावणं पावणेदोन तास चाललं आणि तेवढ्यात पुरणपोळ्या गार झाल्या. अध्यक्षांनी अहवालात ‘त्रुटी आढळल्या’ असं लिहिलं. दिव्यात की पोळीत, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या समितीच्या आधी संचालक डॉ. चिटगोपेकरांनी त्र्यंबकला बोलावलं. “हिवरेकर, पाहुणे यायचेत,” म्हणाले आणि भुवया उचलल्या. लेखी काही नाही. असे हुकूम लिहायचे नसतात. त्यासाठीच माणसाला भुवया दिलेल्या आहेत.

पाहुणे यायचे म्हटलं की आपण उशांचे अभ्रे बदलतो, सांडलेलं झाकतो, घरात कोणी खोकत असेल तर त्याला आतल्या खोलीत झोपवतो. त्र्यंबकने टाकीतली रात्र आतल्या खोलीत झोपवली. अडचण एवढीच की टाकीच्या भिंती थंड व्हायला तीन दिवस लागत आणि पुन्हा उबायला तीन. तासाभराच्या भेटीसाठी मधूनच रात्र मोडता येत नसे, अख्खी गाळावी लागे. त्या पंधरवड्यात टाकीत पंचवीस अंश, माणसांना सोसेल असं. दिवा हिरवा. समिती खूष. पोळ्या गरम. या व्यवस्थेला केंद्रात ‘विसावा’ म्हणत.

वहीत मात्र रात्र असे. वेळापत्रक वर्षाचं एकदम छापून येई आणि चौकटी कोऱ्या ठेवल्या तर समितीलाच शंका आली असती. विसाव्याच्या काळात संगणक ‘देखभालीत’ असे आणि नंतर त्यात वहीतलेच आकडे चढवले जात. त्र्यंबक मागची रात्र समोर ठेवी, एखादा अंश इकडे, एखादा वॅट तिकडे करी आणि चौकटी भरी. त्याचं अक्षर सुरेख होतं. खरं कसंही लिहिलं तरी चालतं. खोट्याला अक्षर चांगलं लागतं.

यात कुणाचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. एका रात्रीने काय होतं?

सन २०४६च्या त्या सोमवारी खालच्या पिंपाची पहिली माळ तुटली. गुरुवारी सकाळी चौथी. फलकावर सगळे दिवे लाल झाले आणि मग, दाखवायलाच काही न उरल्यामुळे, विझले.

केंद्रात धावपळ झाली नाही. वहीप्रमाणे ती चोपन्नावी रात्र होती. वरच्या पिंपाच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. म्हणजे अजून चार रात्री धोक्याच्या नाहीत. तोवर नवं यंत्र वर पोचणारच होतं. डॉ. चिटगोपेकर तर समाधानाने म्हणाले, “यासाठीच तर थोरला भाऊ ठेवला होता. कर्तव्य बजावून गेला.”

कॅन्टीनच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जाफर मुलाणी चहा घेऊन उभा होता. तो केंद्रातला विजेचा फिटर, साहेबांच्या जुन्या खात्यापासून त्र्यंबकचा वीस वर्षांचा जोडीदार. विसाव्याच्या वेळी मुख्य खटका बंद करायचं काम त्याचं.

“दादा,” तो म्हणाला, “मला आकडेमोड येत नाही. तुम्ही करा. आपण किती गाळल्या?”

त्र्यंबकने बोटं दुमडत मोजायला सुरुवात केली. मंत्र्यांची एक. संसदेच्या दोन. परदेशी पाहुण्यांची एक. हिंदी पंधरवड्याची समिती, तिलाही टाकी बघायची होती. दहा बोटं संपली तेव्हा तो थांबला.

“अकरा.”

“चोपन्नातनं अकरा गेल्या की?”

“त्रेचाळीस.”

मुलाणीने चहा ओतून टाकला. “म्हंजे खालचं पिंप त्रेचाळीस रात्रीत मेलं. आन् वरचं एकोणपन्नास खाऊन बसलंय.” त्याने रिकामा कप झटकला. “आवो दादा, धाकटा थोरला झाला की.”

पुढची रात्र, पन्नासावी, निवाऱ्यावर आठ दिवसांनी, शुक्रवारी सुरू व्हायची होती.

त्र्यंबकची मुलगी केतकी तिथे होती. वीज-अभियंता, वय तीस, सहा महिन्यांपासून वर. वरच्या पिंपावर किती रात्री भरवसा ठेवायचा हे गणित तिनेच मांडलेलं होतं, खालच्या वहीवरून. तेव्हा बैठकीत कुणीतरी विचारलं होतं की, या नोंदी विश्वासार्ह आहेत का. ती म्हणाली होती, “माझ्या बाबांची वही आहे ती.” सगळे हसले होते आणि ठराव मंजूर झाला होता.

आणि केतकीची तळावरची पाळी संपली होती. येत्या मंगळवारी ती आणि एक भूवैज्ञानिक यानाने खाली यायला निघणार होते. मागे तळप्रमुख बरुआ आणि डॉक्टरबाई राहणार होते. यान एकच होतं आणि पुढचं रात्र संपेपर्यंत उतरू शकत नव्हतं.

घरी रोहिणी शेंगाचटणी कुटत होती. मुलीला सहा महिने नळीतून अन्न खावं लागलं या गोष्टीचा सूड ती खलबत्त्यावर घेत होती. त्र्यंबकने सगळं सांगितलं. ती कुटायची थांबली नाही, फक्त संथ झाली.

“मंगळवारी निघते ना ती?”

“हो.”

“मग बुधवारी सांगा.”

“बुधवारी यान गेलेलं असेल. मागे राहतील त्या दोघांना मग उतरायला काही नाही. यानात चार जागा आहेत, रोहिणी. आज सांगितलं तर चौघं येतील.”

“आणि नाही आले तर?”

“का नाही येणार?”

“मला काय माहीत. तीस वर्षं तुमच्या हापिसचं ऐकतेय म्हणून विचारलं.” तिने बत्ता बाजूला ठेवला. “त्या दोघांनाही आया आहेत, हे मला सांगू नका. मला कळतं ते. म्हणूनच म्हणते, बुधवारी सांगा. मला कळतं हे मला कळायला नको.”

त्र्यंबक रात्रभर उताणा पडून राहिला आणि सकाळी ऑफिसच्या गाडीने नेहमीच्या वेळेला गेला.

डॉ. चिटगोपेकर दुष्ट मनुष्य नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी मागवलं, त्यातलं अर्धं त्र्यंबकला दिलं.

“तुमचं म्हणणं खरं मानलं,” ते म्हणाले, “तर वरचं यंत्र सहा रात्रींपूर्वीच बंद पडायला हवं होतं. पडलं का?”

“नाही साहेब.”

“मग?”

“साहेब, गावात कोणी सत्तरीला जातो, कोणी ब्याऐंशीलाही जातो. म्हणून ब्याऐंशीच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर पोतं देत नाहीत.”

संचालकांना दाखला आवडला. त्यांनी तो टिपून घेतला असता, पण मग तो लेखी झाला असता.

“हिवरेकर, माझी अडचण समजून घ्या. वही खरी असेल तर धोका नाही.”

“वही खरी नाही साहेब.”

“असं कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“आणि तुम्ही कोण? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे अकरा रात्री खोट्या लिहिणारा माणूस. आता खोट्या नोंदी करणाऱ्याच्या शब्दावर देशाचा तळ रिकामा करा, असं मी वर कोणत्या तोंडाने सांगू?”

“मुलाणी सांगेल.”

“मुलाणी तुमचे मित्र. आणि मुलगी तुमची वर. लोक म्हणतील, बापाने मुलीला लवकर आणायला बनाव केला.”

“ती मंगळवारी येतेच आहे साहेब!”

“हेच ना. मग कशाला?” संचालक खालच्या आवाजात म्हणाले. “बुधवारी या. तोवर मी ऐकलेलंच नाही.”

हा मनुष्य त्याच्यावर उपकार करत होता, हे त्र्यंबकला कळलं. वीस वर्षांत साहेबांनी त्याच्यासाठी केलेला हा सर्वांत मोठा उपकार होता. त्याने खिशातून कागद काढला. अकरा रात्रींची कबुली, खाली सही. आणि टेबलावर ठेवण्याआधी त्याने ती आवक-जावकच्या खिडकीत देऊन शिक्का मारून आणली होती.

शिक्का बघून साहेबांचा चेहरा पडला. शिक्का मारलेली गोष्ट ऐकली नाही असं म्हणता येत नाही.

शनिवारी दिल्लीत बैठक झाली. बैठकीत दोन मतं होती. एक, धोका आहे म्हणून चौघांना आणावं. दुसरं, धोका नाही म्हणून ठरल्याप्रमाणे दोघांना आणावं. अशा वेळी आपल्याकडे मध्यममार्ग काढतात आणि तो काढला गेला. तळ रिकामा करण्याइतका पुरावा नाही, म्हणून दोघेच येतील. पण यंत्राबद्दल शंका आहे, म्हणून यंत्र कळणारं माणूस तिथे असलं पाहिजे. केतकी हिवरेकर हिने पन्नासावी रात्र तळावरच थांबावं. तिच्या जागी डॉक्टरबाई खाली येतील, कारण स्वागत दोघांचं ठरलं होतं आणि हार आधीच सांगून झाले होते.

त्र्यंबकला खोट्या नोंदींबद्दल निलंबित करण्यात आलं. त्याच नोंदींवर विसंबून तळ चालू ठेवण्यात आला. दोन्ही आदेशांवर एकच तारीख होती.

हे कळल्यावर रोहिणीने चटणी बरणीत भरली, झाकण लावलं आणि बरणी फळीवर मागच्या बाजूला ठेवली.

रविवारी सकाळी कुटुंबीयांच्या बोलण्याची वेळ असे. दहा मिनिटं. पडद्यावर केतकी आली, केस तरंगावेत तितके नाही पण उभे, मागे बरुआ पाठमोरे काहीतरी बांधत होते.

“बाबा, ऑर्डर आली. कारण तुम्हीच सांगा. मला कागदावरचं नको.”

त्याने सांगितलं.

“किती?”

“अकरा.”

चंद्रावर शब्द जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. या वेळी बरीच जास्त लागली. अडीच सेकंद प्रकाशाची होती, वरची तिची.

“माझं प्रशिक्षण संपलं तेव्हा तुम्ही बेंगळुरूला तीन दिवस आला होतात. टाकीत रात्र चालू होती ना? मला तेव्हाच वाटलं होतं, बाबांना सुट्टी कशी मिळाली.”

“ती सातवी. वीज मंडळाची समिती होती.”

“मी किती खूष होते,” ती म्हणाली.

रोहिणी पदराने माईक पुसत होती, त्याला काही लागलेलं नसताना.

“केतू, तू ये,” त्र्यंबक म्हणाला. “तुझे बरुआसर काय म्हणतात?”

“ते म्हणतात, तू जा, ऑर्डरचं मी बघून घेतो. बाबा, त्यांना फ्यूज कुठे आहे तेही माहीत नाही. माळ तुटली तर उरलेल्या तीनवर भार कसा वाटायचा, हे ते कुणाला विचारतील?”

“मग दोघंही या. चार जागा आहेत!”

“बरुआसर नाही येणार. त्यांच्याकडे लेखी आहे, तळ सोडायचा नाही म्हणून. आणि लेखी असलं की ते खरं मानतात.” ती जराशी हसली. “मीही मानायचे.”

“मी दिल्लीला जातो. आजच. मी बघतो काहीतरी—”

“तुम्ही काय बघणार बाबा?”

हे तिने लागेल असं म्हटलं नव्हतं. साधं विचारलं होतं.

“एक करा,” ती म्हणाली. “त्या अकरांच्या तारखा द्या. कितवी रात्र, किती दिवस, टाकीत किती अंश. अंदाजे नको.”

वही केंद्रात जप्त होती. त्याने वहीशिवाय सांगितलं, ओळीने, एकदाही न अडखळता. खोटं लिहिणाऱ्याला खरं पाठ ठेवावं लागतं, नाहीतर घोटाळा होतो. केतकी मान खाली घालून लिहीत होती. शेवटचा आकडा झाला तेव्हा तिने वर बघितलं.

“या सगळ्यांत जोडांना एकदम थंडीचा झटका नव्हता. बरं. पातींवर गोधड्या घालून बघते, थंडी हळू शिरेल. झटका कमी तर तडा उशिरा. आई?”

“काय गं.”

“चटणी केलीस ना? ठेव. शेंगाची टिकते.”

दहा मिनिटं झाली होती. यान मंगळवारी निघालं. शुक्रवारी निवाऱ्यावर सूर्य मावळला.

केतकीने तळावरून एकच मागणी केली. रोजचं वाचन आपल्या बाबांनीच घ्यावं, दुसऱ्या कुणी नाही. निलंबित कर्मचाऱ्याला आवारात प्रवेश नव्हता. यावर मुलाणीने तोड काढली. फाटकावर अभ्यागताचा पास मिळतो. पासावर ‘भेटीचा हेतू’ अशी ओळ होती. त्र्यंबकने ‘वैयक्तिक’ असं लिहिलं. पास रोज एकाच माणसाला मिळे, म्हणून रोहिणी फाटकाबाहेर लिंबाखालच्या बाकावर बसे.

रोज सकाळी अकराला. नवी वही, रुळाची. केतकी आकडे सांगे, तो लिही आणि वाचून दाखवी. दोघांना एका खोलीत जगवायला दीडशे वॅट लागत होते, शिवाय साठ तासांची बॅटरी होती.

पहिले पाच दिवस तीनशे ऐंशीच्या आसपास. दिल्लीतून कुणीतरी, हिवरेकरांनी उगाच घाबरवलं, असं म्हटल्याचं कानावर आलं. त्र्यंबकला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो चुकीचा ठरायला आसुसलेला होता.

सहाव्या दिवशी दोनशे एक्क्याण्णव. “एक माळ गेली,” केतकी म्हणाली. “पुढे.”

आठव्या दिवशी एकशे चौऱ्याण्णव. ते दोघं एका खोलीत आले, बाकीच्या खोल्या बंद केल्या.

दहाव्या दिवशी सत्त्याण्णव. त्र्यंबकचा हात थांबला.

“लिहिलंत?”

“शंभराच्या जवळपास—”

“सत्त्याण्णव, बाबा.”

त्याने सत्त्याण्णव लिहिलं. एवढी एक माळ टिकली आणि बॅटरी पुरवून वापरली, तर सूर्य उगवेपर्यंत भागत होतं. तिने हिशेब करून सांगितलं आणि त्याने तोही लिहिला.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, “शून्य.”

खोलीत डॉ. चिटगोपेकर होते, मुलाणी होता, दिल्लीहून आलेले दोघं होते. दिल्लीहून आलेल्यांपैकी एकाने, आपण आता काय करू शकतो, असं विचारलं. कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

“बॅटरी पन्नास तासांवर आलीय,” केतकी सांगत होती. “सगळं बंद करून, फक्त हवा शुद्ध करायचा पंखा ठेवला, तर पासष्ट. सूर्य शंभर तासांवर. दोन्ही लिहा. शेजारी शेजारी.”

त्याने लिहिलं. पासष्ट. शंभर. अक्षर चांगलं आलं नव्हतं.

तेराव्या दिवशी तिचा आवाज हळू होता, पण शब्द स्पष्ट.

“खोली चार अंश. बॅटरी वीस टक्के. बरुआसर झोपलेत. उठवलं नाही. बाहेरचं तापमान नेहमीचं. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“वाचा.”

त्याने वाचलं.

“बरोबर. आता रेडिओ बंद करते. त्याच्यात दोन तासांची ऊब आहे.”

“केतू, माझं एक ऐक—”

सेकंदभरातच तिचं बोलणं आलं. ते त्याचं वाक्य पोचायच्या आधीच निघालेलं होतं. “पुढचं यंत्र बसवतील तेव्हा हीच वही धरतील, बाबा. म्हणून विचारते. पहिल्या दिवसापासून सगळं जसंच्या तसं आहे ना?”

“आहे,” तो म्हणाला. “जसंच्या तसं आहे.”

हे तिथवर जायला सव्वा सेकंद लागला असेल.

“बरं,” ती म्हणाली. मग खरखर आणि मग तीही नाही.

पंधराव्या दिवशी निवाऱ्यावर ऊन पडलं. सौर पाट्या तापल्या आणि तळाचा स्वयंचलित संदेशक जागा झाला. माणसं असोत नसोत, ऊन पडलं की तो आपली जागा आणि खोलीचं तापमान सांगू लागतो, तशीच त्याची बांधणी असते. त्याने मुकाट्याने एक आकडा पाठवला. पडद्यावर तो आला तेव्हा मुलाणीने तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

उणे एकतीस.

मग डॉ. चिटगोपेकर त्र्यंबकच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिवरेकर,” ते म्हणाले, “सेन्सर बिघडला असणार. एवढ्या थंडीत बिघडतात. ‘सेन्सर सदोष’ असं लिहा. बाहेर त्या बसल्यात. निदान आजचा दिवस.”

हे ते अगदी मनापासून, चांगुलपणाने म्हणाले. वीस वर्षांत सगळं चांगुलपणानेच झालं होतं.

त्र्यंबकने पडद्याकडे पुन्हा बघितलं. वेळ लिहिली. खोलीचं तापमान या रकान्यात उणे एकतीस लिहिलं. शेरा या रकान्यात काही लिहिलं नाही. सही केली, वही मिटून संचालकांच्या हातात दिली आणि बाहेर आला.

रोहिणी बाकावरून उठली. फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली.

“किती आलं?”

“उणे एकतीस.”

तिने त्याच्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं, जणू तिथे आणखी काही लिहिलेलं सापडेल.

“नक्की?”

“हो,” तो म्हणाला. “दोनदा बघितलं.”